मनगट लहान, पंजा मोठा : आईसाठी कड्यांचे माप ठरवताना

गुडघ्याच्या सांधेरोपणाआधी आईच्या दोन्ही हातांतल्या पाटल्या कापून काढाव्या लागल्या. ती बरी होऊन घरात हिंडू-फिरू लागली, तेव्हा त्या तुकड्यांचे पुढे काय करायचे हा प्रश्न समोर आला. तुकडे तसेच कपाटात ठेवणे तिला मान्य नव्हते आणि मोकळ्या मनगटांनी वावरणे त्याहूनही नव्हते, त्यामुळे नवे काहीतरी करायचे हे लगेच ठरले. काय करायचे आणि मुख्य म्हणजे कोणत्या मापाचे करायचे, हे ठरायला मात्र बराच काळ गेला. सराफाच्या दुकानात नक्षी, वजन आणि घडणावळ यांवर तासभर बोलणे होते आणि माप अर्ध्या मिनिटात उरकले जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही मापाचा विचार कसा केला, तेवढेच येथे लिहीत आहे.

पाटल्या कापण्याची वेळ का आली, ते आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूपाशी भाजण्याचा धोका राहतो; शिवाय सलाइनमुळे हाताला सूज आली, तर घट्ट दागिना रक्तप्रवाह अडवू शकतो. त्यामुळे अंगावरचे सगळे दागिने उतरवून या, अशी रुग्णालयाची स्पष्ट सूचना होती. मंगळसूत्र, कुड्या, जोडवी निघाली, पाटल्या निघेनात. साबण झाला, खोबरेल झाले, हात काही वेळ डोक्याच्या वर धरून सूज उतरवून झाली, पंज्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावरून पाटली सरकवण्याचा बायकांचा जुना उपायही झाला. पाटली अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडे आणि आई कळवळे. शेवटी ओळखीच्या सोनारकाकांनी पाटली आणि कातडी यांच्या मधल्या फटीत पत्र्याची अरुंद पट्टी सरकवली, आईचा हात गादीवर टेकवला आणि बारीक करवतीने, मधूनमधून थांबून पट्टी तापली नाही ना हे बोटाने पाहत, दोन्ही पाटल्या एकेका जागी कापल्या. खाली पसरलेल्या कागदावर सोन्याचा कीस पडला होता, तो त्यांनी कुंचल्याने गोळा करून पुडीत बांधून दिला.

त्या पाटल्या तिच्या लग्नातल्या. तेव्हा त्या सहज जात-येत असत, असे ती सांगते. मनगट आजही फारसे जाड झालेले नाही. बदलला आहे तो पंजा. तिला हाताच्या सांध्यांची झीज आहे आणि उतारवयात बायकांमध्ये या झिजेची एक नेहमीची जागा म्हणजे अंगठ्याच्या मुळाचा सांधा. तो सांधा फुगतो, बाहेर डोकावतो आणि मुख्य म्हणजे अंगठा तळव्यात दुमडताना दुखतो. बांगडी हातात चढवायची, तर अंगठा तळव्यात दुमडून करंगळीकडे नेण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. म्हणजे जी हालचाल तिला सर्वांत जड जाते, नेमकी तीच न उघडणाऱ्या, बंद बांगडीला हवी असते. ही गोष्ट नीट ध्यानात आल्यावर माझ्या डोक्यातली दागिन्यांची अर्धी यादी आपोआप गळून पडली. आईची मात्र गळली नव्हती, कारण तिला पुन्हा पाटल्याच हव्या होत्या.

बांगडीची मापे बाजारात इंच आणि इंचाचे सोळावे भाग अशा हिशेबाने बोलली जातात. दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन इंच. दोन-सहा म्हणजे दोन पूर्णांक सहा सोळांश. दोन-आठ म्हणजे अडीच. हा बांगडीचा आतला व्यास असतो. मिलिमीटरमध्ये दोन-चार सुमारे 57, दोन-सहा 60, दोन-आठ 63.5 आणि दोन-दहा 66.7 भरते. एका मापातून पुढच्या मापात गेले, की व्यास तीन मिलिमीटरांच्या आसपास वाढतो आणि हे ऐकायला अगदीच किरकोळ वाटते. परंतु आतला घेर त्याच वेळी जवळजवळ एक सेंटिमीटरने वाढतो, आणि पंज्याला कळतो तो घेरच. ‘एक माप इकडे-तिकडे चालेल’ असे जे सहजपणे म्हटले जाते, ते मला तेव्हापासून पटत नाही.

आईचे माप आम्ही घरीच घेतले. कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली, तिला अंगठा जमेल तेवढा आत घ्यायला सांगितला आणि बोटांच्या मुळांपासून अंगठ्याच्या फुगीर सांध्यापर्यंत जिथे पंजा सर्वांत रुंद भरत होता, तिथून पट्टी फिरवली. पट्टी आवळायची नाही आणि सैलही ठेवायची नाही. सरकवली तर सरकेल इतपतच. उजवा पंजा 20.4 सेंटिमीटर भरला, डावा थोडा कमी. तीच पट्टी मनगटावर लावली, तर 15.6. मग साधा भागाकार केला : 20.4 ला 3.14 ने भागले, की सुमारे 6.5 सेंटिमीटर व्यास येतो, म्हणजे दोन-आठपेक्षा जास्त आणि दोन-दहापेक्षा कमी. बंद बांगडीसाठी अर्थातच वरचे माप धरावे लागते.

माप कधी घ्यायचे, यालाही महत्त्व आहे. सकाळी उठल्या-उठल्या तिची बोटे आखडलेली असतात आणि अंगठा वळत नाही. दुपारी उकाड्यात हात सुजतो. थंडीतल्या सकाळी हाच पंजा बारीक भरतो. आम्ही सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या जेवणानंतर अशी वेगवेगळ्या वेळी मापे घेतली आणि त्यांतले सर्वांत मोठे धरले. दुकानात नेहमी आपण कोणत्या वेळी असतो ते पाहिले पाहिजे : संध्याकाळी, बाहेर फिरून झाल्यावर, एसीच्या गारव्यात. तिथे घेतलेले माप घरातल्या मे महिन्यातल्या दुपारी लागू पडेलच असे नाही.

सोन्याला हात घालण्याआधी मी आईला पुण्याच्या तुळशीबागेत नेले. काचेच्या बांगड्या भरणाऱ्या बायकांच्या हाताला जे ज्ञान असते, ते सराफाच्या काउंटरवर मिळत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. तिथल्या मावशींनी आईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा मांसल भाग दोन-तीनदा दाबून पाहिला, बोटे एकमेकांवर चढवली आणि मापाचा दांडा किंवा फीत काही न घेता सांगितले, ‘‘आजींना दोन-दहाच लागणार. ताई, मनगटाकडे बघू नका, पंजा बघा. दोन-आठ मी भरीन, पण आजी रात्री झोपायच्या नाहीत.’’ आमच्या कागदी पट्टीचे उत्तर हेच होते. आईने हिरव्या काचेच्या दोन-दहा भरून घेतल्या आणि मी त्याच मापाचे रुंद धातूचे एक साधे कडेही घेतले, कारण ते आम्हाला घरी वापरून पाहायचे होते. सोन्याचा आजचा भाव पाहता असा स्वस्तातला प्रयोग करून पाहणे कोणालाही परवडण्यासारखे आहे, तरी फारसे कोणी तो करताना दिसत नाही.

त्या प्रयोगातून दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे रुंदीचा फरक. काचेची बारीक बांगडी ज्या पंज्यावरून थोडी कळ सोसून का होईना जाते, त्याच पंज्यावर त्याच मापाचे रुंद कडे अडते. बारीक बांगडी तिरकी करता येते, एक बाजू पुढे काढून दुसरी मागून आणता येते. रुंद कड्याला तेवढे तिरके होता येत नाही आणि त्याची पूर्ण रुंदी अंगठ्याच्या उंचवट्यावरून एकदम जावी लागते. म्हणून रुंद पाटली किंवा तोडा बंद घडणीचा घ्यायचा, तर नेहमीच्या काचेच्या मापापेक्षा एक माप वर जावे लागते. आईच्या बाबतीत दोन-दहाच्याही वर जाणे म्हणजे बांगडी राहिली बाजूला, कोपरापर्यंत जाणारे रिंगण झाले असते.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरात कळली. दोन-दहाचा आतला घेर 21 सेंटिमीटरांच्या आसपास आणि आईचे मनगट साडेपंधराचे. हात खाली सोडला, की बांगड्या पंज्याच्या मुळापर्यंत घसरत आणि पोळी लाटताना लाटण्याच्या मुठीवर आपटत. कणीक मळताना ती त्या वर सारी आणि कोपराखालच्या जाड भागात त्या बसून राहत, हा मात्र फायदा होता. सैल बांगडी वर सारता येते, घट्ट बसणारे कडे येत नाही. आईने स्वतःची अट तेव्हा स्पष्ट सांगितली : ‘‘एक तर वर सारता यायला हवं, नाहीतर जागचं हलायला नको. मधलं काही नको गं.’’ मी वाचलेल्या मापाच्या सगळ्या सूचनांपेक्षा ही अट मला अधिक उपयोगी वाटली.

पुढचे दुकान लक्ष्मी रस्त्यावरचे होते. विक्रेत्याने पाटल्यांचा ट्रे काढला, आईच्या मनगटाकडे एक नजर टाकली आणि दोन-सहा पुढे केली. माझी आकडेमोड ऐकून दोन-आठवर आला आणि मग, ‘‘काकू, थोडा साबण लावला की जाते, एकदा घातली की कोण काढतंय?’’ असे म्हणाला. ज्या बाईच्या पाटल्या नुकत्याच करवतीने कापल्या आहेत, तिच्यापुढे हा युक्तिवाद टिकण्यासारखा नव्हता. ट्रेमध्ये दोन-दहाच्या पाटल्या नव्हत्याच. तयार मालात वरची मापे क्वचित असतात आणि ती बहुधा ऑर्डर देऊन घडवून घ्यावी लागतात. वजनाचाही भाग आहे. तीच नक्षी, तीच जाडी ठेवून दोन-आठऐवजी दोन-दहा घ्यायची, तर घेर वाढतो त्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 5 टक्के, सोने जास्त लागते.

साखळीचे ब्रेसलेट हा मग सोपा पर्याय म्हणून पुढे आला. त्याचे माप मनगटावरून ठरते, पंज्याशी त्याचा संबंध येत नाही. मनगटाच्या घेरात दीड-दोन सेंटिमीटर मिळवले, की साखळी जागी राहते आणि आत एक बोट सरकते. शेवटी दोन-तीन जादा कड्या ठेवल्या, की ऋतूप्रमाणे कमी-जास्तही करता येते. तरुण हाताला हे उत्तम. आईने एक घालून पाहिले, पदर सावरताना दोनदा त्यात धागा अडकला आणि ते लावण्याचा बारीक हूक तिच्या बोटांत धरताच येईना. शिवाय ते ‘बांगडीसारखे वाजत नाही’, हा आक्षेप होताच, आणि माझ्या मते तोही विचारात घेण्यासारखा होता. टोके उघडी असलेले कडेही पाहिले. ते मनगटाच्या बाजूने, अरुंद अंगाने आत सरकवायचे असते, त्यामुळे अंगठ्याचा प्रश्न उरत नाही. पण रोज घालता-काढताना ते किंचित फाकवावे लागते, आणि बावीस कॅरेटचे सोने मऊ असले, तरी एकाच जागी वारंवार वाकवले की तिथे ते कडक होऊन कधीतरी तडकते. म्हातारपणाच्या पातळ कातडीवर त्याची टोके ओरखडे काढतील, हीही भीती होती.

राहिले ते उघडमिटीचे कडे : एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला बंद, म्हणजे मिटवून अडकवायची सोय. आपल्याकडच्या जाड तोड्यांना मळसूत्राचा खिळा असतो. तो फिरवून पूर्ण काढायचा, कडे उघडायचे, हातात घालायचे आणि पुन्हा फिरवून बसवायचा. ही रचना सर्वांत भरवशाची आहे यात शंका नाही. परंतु तो खिळा तांदळाच्या दाण्याएवढा, तो हातातून पडला तर आईला दिसणार नाही आणि दिसला तरी उचलता येणार नाही. कोणी दुसऱ्याने येऊन रोज घालून द्यायचा असेल, तरच तो तोडा तिच्या उपयोगाचा. मी विक्रेत्याला सांगून वेगवेगळ्या बंदांची कडी काढून घेतली आणि आईला खुर्चीत बसवून, चष्मा न लावता, एकेक स्वतः घालायला आणि काढायला लावले. मनगटावर कडे बसवताना तिचा दुसरा हात एकटाच काम करीत असतो, हे लक्षात ठेवून मी मुद्दामच मदत केली नाही. विक्रेत्याला हे फारसे रुचले नाही, मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. पण ती परीक्षा दुकानातच व्हायला हवी होती.

त्यात खटक्याचा बंद पास झाला. चपटी जीभ खाचेत जाते, ‘टक’ असा आवाज येतो आणि काढताना बाजूची कळ दाबावी लागते. कळ पुरेशी मोठी आणि किंचित खडबडीत हवी, म्हणजे नखाची गरज न लागता अंगठ्याच्या कडेने ती दाबता येते. बावीस कॅरेटमध्ये या जिभेची ताण धरण्याची ताकद लवकर कमी होते, म्हणून ऑर्डर घेणाऱ्या कारागिराने जीभ जाड ठेवण्याचा आणि तिच्या जोडीला दुसरा आधार घेण्याचा सल्ला दिला. हा आधार म्हणजे बहुधा बारीक साखळी असते आणि इथे आम्ही पुन्हा पट्टी काढली. बंद उघडल्यावरही साखळी तशीच जोडलेली ठेवून त्यातून हात काढायचा, तर कड्याचा घेर आणि साखळी मिळून पंज्याच्या 20.4 सेंटिमीटरांपेक्षा जास्त भरायला हवे. कडे पावणेसतरा सेंटिमीटरांच्या घेराचे ठरत होते, म्हणजे साखळी निदान चार-पाच सेंटिमीटरांची लागणार आणि कडे मिटल्यावर ती खाली लोंबणार. तशी साखळी पदरात अडकणार हे उघड होते, आणि आखूड साखळीला हूक ठेवला तर तो बोटांत धरता येणार नव्हता. त्याऐवजी आठच्या आकड्याच्या आकाराची तारेची कडी घेतली, जी बंदावरून उलटवून शेजारच्या बारीक मण्यावर अडकते. ती आईला चिमटीत न धरता, बोटाने ढकलून लावता येते.

उघडणारे कडे घ्यायचे ठरल्यावर पंजा हिशेबातून बाहेर गेला आणि मनगटावरून माप घेण्याची मोकळीक मिळाली. मनगट गोल नसते, चपटे असते. गोल कडे त्यावर फिरत राहते आणि बंद नेमका खाली, टेबलावर घासणाऱ्या बाजूला येतो. म्हणून आम्ही अंडाकृती कडे सांगितले, आतून रुंदीला 58 आणि उंचीला 49 मिलिमीटर. मनगटावर ते चढल्यावर करंगळी कशीबशी आत जाते, कडे फिरत नाही आणि पोळी लाटताना जागचे हलत नाही. आईच्या अटीतला दुसरा भाग त्याने पुरा केला. दोन-दहाच्या गोल पाटलीपेक्षा घेर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी आल्यामुळे सोनेही वाचले, पण त्यातले काही बिजागरी आणि बंदाची जाडी यांत गेले आणि घडणावळ साध्या पाटलीपेक्षा जास्त पडली.

जुन्या पाटल्यांचे तुकडे आणि किसाची पुडी आमच्यासमोर आटवून, यंत्रावर शुद्धता पाहून मगच वजन धरले गेले. दागिन्याचे सांधे जोडायला वापरलेल्या मिश्रधातूमुळे जुन्या सोन्यात तूट येते, ती आली. नव्या कड्यांवर हॉलमार्कच्या तीन खुणा पाहून घेतल्या : भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) चिन्ह, 22K916 ही शुद्धता आणि एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा, सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. खुणा आतल्या बाजूला असतात. कडे अंडाकृती असेल, तर त्या कातडीला टेकणाऱ्या भागावर खोल उठू नयेत, एवढे सांगून ठेवलेले बरे.

कडी तयार होऊन आली, तेव्हा दोन्ही अगदी सारखी होती, आणि अडचण तीच होती. जोडीतली कडी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावी लागतात, म्हणजे दोन्ही हातांत बंद शरीराच्या बाजूला येतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला कळ सापडते. इथे डाव्या हातातल्या कड्याचा बंद बाहेरच्या बाजूला येत होता आणि आईला कोपर पोटाशी आवळून हात वळवावा लागत होता. ऑर्डरच्या कागदावर ‘डावे’ आणि ‘उजवे’ असे लिहून घेतलेले होते, त्यामुळे दुकानाने वाद न घालता ते कडे परत घेतले. तोवर आई उजव्या हातातले एकच कडे वापरत होती आणि बिजागरीच्या फटीत कातडीचा चिमटा बसतो, अशी तिची तक्रार आली. चष्मा लावून आणि उजेडाकडे धरून पाहिल्यावर दोन पात्यांच्या आतल्या कडा काटकोनात सुटल्याचे दिसले. दुसरे कडे आणायला गेलो, तेव्हा दोन्हींच्या त्या कडा घासून गोल करून घेतल्या आणि मिटलेल्या सांध्यावरून दुकानातच रेशमी रुमाल ओढून पाहिला. तो कुठे अडकला नाही, तेव्हा पावतीवर सही केली.